दोन गेटची बाग, एक लगोरी

पुण्याच्या उपनगरातल्या त्या बागेला दोन गेट. पुढचं सोसायट्यांच्या रस्त्यावर, मागचं वस्ती आणि बांधकामाच्या साइटच्या बाजूला. हिरवळ एकच, पण मधली पायवाट ओलांडून कुणी खेळायला जात नाही. मैदानी खेळ घेऊन दोन्हीकडची मुलं एकत्र आणायची, हे आमचं काम. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ परवानगीच्या कागदांत जातो आणि उरलेला क्रिकेटवाल्यांना सरकवण्यात. क्रिकेटशी वैर नाही, पण बागेत एकदा स्टंप लागले की दहा-बारा पोरं अख्खी हिरवळ अडवतात आणि बाकीचे कुंपणाला चिकटतात.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि इकडे पालक खो-खो मागू लागले. मैदान 27 बाय 16 मीटर लागतं. झाडं चुकवून आम्ही त्याहून लहान आखलं. पण शाळेच्या संघातली मुलं खांबाला सूर मारणारी, बाकीची चौकोनात नुसती उकिडवी बसलेली. वॉचमनकाकांचा नेपाळी मुलगा दोन्ही सामने मोबाइलवर बघून आला होता, त्याला संध्याकाळभर खो मिळाला नाही. मुद्दाम कुणी टाळलं असं नाही. घाईत हात ओळखीच्याच पाठीवर पडतो.

म्हणून लगोरी. तिच्यात नेम एकाचा, पळणं दुसऱ्याचं, रचणं तिसऱ्याचं. नेमबाज पोराला रचता येईलच असं नाही, आणि चिमुकल्या बोटांचं कच्चं लिंबू चार फरश्या पटापट लावून मोकळं होतं. सगळ्यात हुशार खेळाडूलाही दुसऱ्याची गरज पडते.

सामानात कसर केली की खेळ बसतो. दुकानातले रंगीत प्लास्टिकचे संच घेऊ नयेत, वाऱ्यानेच कोसळतात. पॉलिश केलेल्या लाकडी चकत्या एकमेकींवरून घसरतात. शहाबादी फरशीचे सात तुकडे उत्तम: तळाचा साधारण सहा इंच, वरचा तीन, जाडी इंचभर, आणि कडा घासलेल्या, नाहीतर बोटं कापतात. लगोरी गवतावर रचायची नाही, कलते. खाली सपाट पेव्हर ब्लॉक ठेवायचा, भोवती तीन फुटांचं फक्कीचं वर्तुळ. नेमाची रेघ लहानांना बारा फुटांवर, मोठ्यांना अठरा. टेनिसचे चेंडू तीन तरी हवेत, कारण माळ्याने नुकतंच पाणी मारलेलं असतं आणि ओला चेंडू पाठीत बसला की रडारड होते. कमरेच्या वर चेंडू लागला तर बाद धरायचं नाही, हे पहिल्या डावाआधीच सांगायचं. भांडणात सांगितलेला नियम कुणी मानत नाही.

सगळ्यात नाजूक काम भिडू वाटण्याचं. दोन कप्तान करून त्यांना मुलं निवडू दिली की दोन गेटचे दोन संघ तयार. रंगीत पट्ट्या वाटल्या तर मुलं पाठीमागे बदलून घेतात. आपली जुनी पद्धत याहून पक्की आहे. दोघादोघांनी लांब जाऊन गुपचूप नावं ठरवायची, परत येऊन ‘मोगरा की गुलाब?’ विचारायचं आणि कप्तानाने नाव उचलायचं. जोडी फुटते, दोघं दोन बाजूंना जातात. आम्ही एवढंच करतो की जोड्या उंचीनुसार आणि एकाच गेटच्या मुलांच्या लावतो. म्हणजे दोन्ही संघांत दोन्ही गेट आपोआप येतात, आणि यात कुणाचा हात आहे हे कुणाला दिसत नाही.

एका रविवारी शेवटच्या डावात सहा फरश्या लागलेल्या होत्या. साइटवरचा एक मुलगा सातवी उचलायला आत घुसला तोवर कुणाचा तरी पाय तिच्यावर पडून तिचे दोन तुकडे झाले. त्याने दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले आणि ओरडला, “लगोरी!”

“आठ झाले! आठाची लगोरी नसते!”

“फरशी सातच आहे, फुटली तर आम्ही काय करू?”

माझा सहकारी शिट्टी तोंडाला लावून नियमांचा छापील कागद काढू लागला. त्याला थांबवलं. फुटलेल्या फरशीचा नियम त्या कागदावर नव्हताच, आणि असता तरी शिट्टी वाजली की मुलं आपसांत बोलायची थांबतात आणि आपल्या तोंडाकडे बघू लागतात. बाकावरच्या एका आजोबांनी परस्पर निकाल दिला, तोही कुणी ऐकला नाही.

बराच वेळ आरडाओरडा चालला. त्या पोराच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने भांडत होती पुढच्या गेटची एक मुलगी. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं, “आमचा भिडू” एवढंच म्हणत होती. आणि त्याच्याच साइटवरचा, त्याच्याच खोलीतला भाऊ समोरून “आठ, आठ” ओरडत होता. शेवटी डाव पुन्हा घ्यायचा ठरलं, तेही त्यांनीच ठरवलं.

कुंपणापलीकडून हे बघणारा एक फरशी कामगार आत आला. कलबुर्गीकडचा माणूस, शहाबादही त्याच जिल्ह्यातलं. तुकडे उलटसुलट करून म्हणाला, “ताई, हिला चीर आधीचीच. हा दगड थरांचा असतो. वरची लहान घेताना वाजवून बघायची, बद्द वाजली की टाकून द्यायची.” आता प्रत्येक संच आम्ही वाजवून घेतो.

सहकाऱ्याने अहवालात लिहिलं, ‘शेवटच्या डावात शिस्तीचा अभाव.’ देणगीदारांच्या फॉर्मवर ‘सहभागी समाजघटक’ असा रकाना आहे, संख्येसह. तो भरायचा तर खेळायला आलेल्या पोराला आधी तू कोणाचा हे विचारावं लागेल. मी तिथे फक्त मुलांची एकूण संख्या लिहिली. फॉर्म परत आला आहे. बॅनरसह फोटो मात्र त्यांना आवडला.

त्या भांडणाला यश म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डाव संपल्यावर ती मुलगी पुढच्या गेटने गेली, तो मागच्या. बाहेर दिसले तर ओळख देतात का, ते आम्हाला बागेतून कळत नाही. आणि वेळेचा गुंता तसाच आहे. वस्तीत साडेसहाला पाणी येतं, तेव्हा मागच्या गेटच्या मोठ्या मुली डाव अर्धा टाकून हंडे भरायला जातात. साडेचारला सुरू केलं तर पुढच्या गेटवाल्यांची शिकवणी. सध्या पाचची वेळ आहे, आणि अर्ध्यावर गेलेल्या भिडूच्या जागी समोरच्या संघातला एक जण द्यायचा, असा नियम मुलांनी काढला आहे. समोरचे नेहमी कच्चं लिंबूच पाठवतात, त्यावर परवा पुन्हा भांडण झालं.