पीक ठरवण्याआधी मी काय काय धुंडाळलं

शेती करायचं पक्कं झालं की पहिला प्रश्न येतो, लावायचं काय? त्याचं उत्तर द्यायला इंटरनेटवर यशोगाथांचा ढीग आहे. मी त्या मुद्दाम मागे ठेवल्या. व्हिडिओतला शेतकरी खरंच बोलत असतो, पण त्याच्या रानाबद्दल. मला माझ्या रानाची माहिती हवी होती.

सुरुवात पावसापासून केली. 'नासा पॉवर' या संकेतस्थळावर नकाशात जागा निवडली की १९८१ पासूनचा रोजचा पाऊस आणि तापमान मोफत उतरवून घेता येतं. वार्षिक सरासरीपेक्षा मला खंडाची काळजी होती, कारण कोवळी रोपं त्यातच जातात. म्हणून पाऊस कोणत्या महिन्यात किती दिवस दडी मारतो, हे वर्षावार काढलं. ही आकडेवारी सुमारे पन्नास किलोमीटरच्या चौकोनाची असते. डोंगराच्या अलीकडचा-पलीकडचा फरक तीत दिसत नाही. तेवढ्यासाठी आसपासच्या जुन्या शेतकऱ्यांना विचारलं.

मातीसाठी 'सॉइलग्रिड्स' पाहिलं. हा नकाशा दोन मीटर खोलीपर्यंतचा सामू (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन) आणि वाळू-चिकणमातीचं प्रमाण दाखवतो. मात्र त्याचा एक चौकोन २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांचा, आणि आकडेही अंदाजाने काढलेले. खताचा हिशोब त्यावरून करूच नये. त्यासाठी रानात नागमोडी चालत, ठिकठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेतली. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचे ढीग टाळले. सगळी माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत दिली.

सर्वांत जास्त वेळ पाण्यावर घालवला, आणि नवख्या माणसाने तो घालवावाच असं माझं ठाम मत आहे. एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं, 'क्रॉपवॅट' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात हवामान, पाऊस, पीक आणि मातीची माहिती भरली की दर दहा दिवसांना किती मिलिमीटर पाणी द्यावं लागेल ते कळतं. हवामानाचे आकडे हाताशी नसतील तर एफएओच्याच 'क्लिमवॅट'मध्ये जगभरातल्या ५,००० हून अधिक केंद्रांची माहिती आहे. मिलिमीटरवरून नीट अंदाज येत नाही, म्हणून मी लिटर काढले. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास ४,००० लिटर. पिकाला रोज ५ मिलिमीटर लागत असेल तर एकरी २०,००० लिटर झाले, तेही रोजचे! कोरड्या महिन्यांत विहीर किती पाणी देते ते मोजून या आकड्याशेजारी मांडलं, तेव्हा पिकांच्या यादीतली बरीच नावं गळाली आणि लागवडीचं क्षेत्रही निम्म्यावर आलं.

'कोपर्निकस ब्राउझर' या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाची मागच्या वर्षांची चित्रं मिळतात. त्यांतला एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे लहान रानही ओळखू येतं. पाऊस संपल्यावर माझ्या रानाचा खालचा कोपरा बराच काळ हिरवा राहायचा. जाऊन खणलं, तर माती चिकण आणि खाली ओल साचलेली. तिथे लागवडीआधी निचऱ्याचा चर काढायचं ठरवलं.

आता कीड-रोगांचं वाचन चालू आहे. त्यासाठी सीएबीआय या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेची 'प्लांटवाइजप्लस' ज्ञानपेढी बघतो, आणि प्रत्यक्ष काम कसं करतात हे पाहायला 'ॲक्सेस ॲग्रिकल्चर'चे व्हिडिओ. ते शंभराहून अधिक भाषांत आहेत, आणि त्यांत शेतकरीच शेतकऱ्याला शिकवतो.