जूक, आज मनासारखा

रविवार, रात्रीचे साडेनऊ

सकाळपासून पाऊस धरून बसलाय. सिंगापूरचा डिसेंबर म्हणजे आपला जुलैच, कपडे वाळत नाहीत आणि बाहेर पडावंसं वाटत नाही. म्हटलं आज जूक करायचाच, घाई न करता. जूक म्हणजे दक्षिण चीनमधल्या कॅन्टोनीज लोकांची पेज. इथे पाटीवर सरळ पॉरिज लिहितात, आणि इंग्रजीतला काँजी शब्द तर तमिळ कंजीवरूनच गेलाय.

आम्ही मालवणकडचे, पेज काही मला नवीन नाही. बाबा सकाळी शेतात काम करून अकराच्या सुमारास घरी यायचे तेव्हा उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणचं, एवढ्यावर परत कामाला जायचे. म्हणून पुण्याला हॉस्टेलवर मुली पेजेला आजारपणातलं खाणं म्हणायच्या तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं. इथल्या तिओच्यू लोकांची (हेही मूळचे दक्षिण चीनमधलेच) पॉरिज खूपशी आमच्यासारखी, शीत न् शीत दिसतं, बाजूला खारवलेलं अंडं, मासा. कॅन्टोनीज जूकमध्ये मात्र शीत शोधून सापडत नाही, सगळं विरघळून साईसारखं होतं, आणि तेच मला इतके महिने जमत नव्हतं.

शेजारच्या आंटींनी मागच्या आठवड्यात सांगितलं की तांदूळ धुऊन निथळून त्याला चमचाभर तेल आणि मीठ चोळ, अर्धा तास ठेव. मी आजवर हे कधी केलंच नव्हतं. एक वाटी जास्मिन तांदूळ, दहा वाट्या पाणी. पाणी खळखळ उकळल्यावर तांदूळ घातले आणि पहिली दहा मिनिटं पळी थांबवली नाही, कारण बुडाला लागतो तो तेव्हाच लागतो (मागच्या वेळी करपला आणि तो वास पूर्ण टोपाला लागला, सगळा टाकावा लागला, अन्न टाकताना जीव तुटतो). मग गॅस बारीक, झाकण तिरकं, नाहीतर उतू जातो. सुके शिटाके मश्रूम रात्रीच भिजत घातले होते, ते चिरून घातले आणि त्यांचं पाणीसुद्धा, खालचा गाळ सोडून.

सव्वा तासाने पळीने जोरात घोटायला घेतलं, आपण वरण घोटतो तसं, आणि दहाएक मिनिटांत तांदूळ मोडून दाट, पांढरंशुभ्र झालं. हात दुखला पण तिथेच खरं काम होतं. मला वाटतं मी इतके दिवस नुसती शिजण्याची वाट बघत होते.

चिकनचे पातळ काप सोया सॉस, कॉर्नफ्लोअर, पांढरी मिरी आणि तिळाचं तेल लावून ठेवले होते, ते अगदी शेवटी, उकळत्या जूकमध्ये शिजायला तीन-चार मिनिटं पुरतात आणि कॉर्नफ्लोअरमुळे मऊ राहतात. हळद नाही, फोडणी नाही. वरून आल्याचे केसासारखे बारीक काप, कांद्याची पात, आणि सकाळी आणलेल्या यु चार क्वेचे तुकडे, म्हणजे मैद्याच्या लांब तळलेल्या कांड्या, जूकमध्ये भिजल्या की अर्ध्या कुरकुरीत अर्ध्या मऊ लागतात. माझ्या वाडग्यात एक पिदानपण घातलं, ते चुन्या-राखेत मुरवलेलं अंडं, पांढरं काळपट आणि जेलीसारखं, बलक हिरवट. पहिल्यांदा त्याचा वास सहन झाला नव्हता, आता त्याच्याशिवाय जूक अळणी वाटतो. एका वाडग्यात पोट इतकं भरलं की रात्री काही लागलंच नाही.

आंटींना डबा दिला. त्यांनी दारातच उभं राहून चमचाभर चाखला, आत जाऊन मिरीची बाटली आणली, वर थोडी भुरभुरली, परत चाखला आणि मान हलवली. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी तांदूळ भिजवून फ्रीझरमध्ये ठेव, लवकर फुटतो.

एक वाटी भिजवून फ्रीझरमध्ये टाकलाय.