ते दात काढले असते तर?

तुम्ही विचारलंत म्हणून. नाशिकमध्ये इंग्रजी गाणी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न सारखा येतो: क्वीन या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा आवाज पुढे आलेल्या दातांमुळे तसा होता का? आणि लगेच दुसरा: मग तसं गायला आम्हाला जमेल का? कुणी पाचगणीला जाऊन आलं असेल तर विचारण्यात जास्तच जोर असतो. पसरणी घाट चढून वर गेलं की जी शाळा लागते, त्या सेंट पीटर्समध्ये तो शिकला, म्हणून तो थोडा आपल्यातला वाटतो.

दातांचं आधी मिटवू. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते आणि त्यांनी पुढचे दात बाहेर रेटले होते. ते काढले तर गाणं बिघडेल, ही भीती त्याची स्वतःची. पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत. पण दातांनी आवाज घडवला याला पुरावा नाही. आवाजाचा रंग ठरतो तो स्वरतंतू, घशाची पोकळी, जीभ, टाळू आणि जबडा किती मोकळा सुटतो यावर. दातांनी बदलला तर 'स' आणि 'श' बदलेल. तेव्हा ज्यांचे दात सरळ आहेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

खरी गंमत पुढे आहे. 2016 साली काही युरोपीय संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणं मोजली. त्याचा बोलण्याचा सूर साधारण 117 हर्ट्झ, म्हणजे पेटीवर खालची काळी पाच. हा बॅरिटोनचा, आपल्याकडच्या साध्या भरदार पुरुषी आवाजाचा सूर. तरीही तो जन्मभर गायला वरच्या पट्टीत. रेकॉर्डवर त्याची पोहोच 92 पासून 784 हर्ट्झपर्यंत सापडली, म्हणजे तीन सप्तकं आणि वर अर्धा सूर. लोक चार सप्तकं म्हणतात, ती मोजणीत सापडली नाहीत. लांब सुरावर येणारा त्याचा कंप (व्हायब्रॅटो) सेकंदाला सात वेळांच्या आसपास होता, बहुतेक गायकांपेक्षा किंचित जलद. आणि तो जो खरखरीत गुरगुराट येतो, त्यात बहुधा खऱ्या स्वरतंतूंबरोबर वरचे 'खोटे' स्वरतंतूही कंप पावत असावेत. ते त्याची नक्कल करणाऱ्या एका गायकाच्या घशात कॅमेरा घालून पाहिलं गेलं.

हा गुरगुराट मुलं घसा आवळून काढायला बघतात आणि दुसऱ्या दिवशी घोगरी होऊन येतात. तो घसा आवळून निघत नाही. आधी श्वास हलका ठेवून 'हं' असा पोकळ उसासा, त्यावर थोडी खरखर, दिवसाला पाचेक मिनिटं, आणि टोचलं की लगेच थांबायचं. कंपासाठी जबडा हलवणं तर नकोच. तो जबड्याचा कंप ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतो.

क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी' मात्र आवाजापेक्षा हिशेबाने उभं राहिलेलं गाणं आहे. 1975, सुरुवात वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत, चोवीस ट्रॅकची टेप, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे मावतील अशी. ऑपेरासारख्या 'गॅलिलिओ'वाल्या भागासाठी फ्रेडी, गिटारिस्ट ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर असे तिघेच दिवसाला दहा-बारा तास गात होते, तीन आठवडे. जागा संपली की काही ट्रॅक एकत्र करून नव्या ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या जागी पुन्हा गायचं. असे सुमारे 180 थर झाले. टेप मशीनवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजून ती आरपार दिसायला लागली होती. आणि त्यातला सगळ्यात उंच सूर फ्रेडीचा नाहीच, ड्रमर रॉजर टेलरचा आहे. हे सांगितलं की वर्गात अर्ध्या तोंडांवरचा उत्साह मावळतो, पण शिकण्यासारखं तेच आहे.

घरी करून पाहायचं असेल तर लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर पुरे. मिनिटाला 72 ठोक्यांची क्लिक लावा, आधाराला काळी पाचचा षड्ज धरा. वरची, मधली, खालची अशा तीन ओळी ठरवा. एकेक ओळ तिघांनी मिळून तीनदा गायची. नऊ ट्रॅक होतात, पण कानाला सत्तावीस गळे ऐकू येतात. माइक तोंडापासून एक वीत. आता बिघडतं कुठे? एक, शब्दाच्या शेवटचे 'स' आणि 'त' एकाच क्षणी पडत नाहीत आणि फोडणी तडतडल्यासारखं होतं. उपाय सोपा: ती शेवटची व्यंजनं एकाच थरात उच्चारा, बाकीच्यांनी गिळा. दोन, प्रत्येकजण आपापला कंप घालतो आणि सूर गढूळ होतो. थरांमध्ये सपाट सूर लावायचा, कंप फक्त मुख्य आवाजाला. तीन, हेडफोनमधली क्लिक माइकमध्ये शिरते, आणि नऊ थरांनी तिचीही टकटक नऊपट होते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या.

मंचावर हे शक्य नव्हतं, आणि त्याने तसा आवही आणला नाही. 'गॅलिलिओ'चा भाग आला की चौघे आत जायचे आणि रेकॉर्ड वाजायची. स्टुडिओत उंच गायलेल्या कितीतरी जागा तो मंचावर खालून घ्यायचा, किंवा टेलरवर सोपवायचा. कारण घशात गाठी होत्या. जोराने एकमेकांवर आपटून स्वरतंतूंवर घट्टे पडतात, कुदळ धरून हाताला पडतात तसेच. काही कार्यक्रम त्यापायी रद्द झाले. ऑपरेशन त्याने टाळलं.

नाशिककरांनी हे नीट वाचावं. गणेशोत्सवात एकीकडे नाशिक ढोल, दुसरीकडे ऑर्केस्ट्रा, आणि गायकापुढे मॉनिटर, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर, नाही. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस नकळत ओरडतो. सलग चार-पाच रात्री असं झालं की गाठींची सुरुवात तिथेच होते. मॉनिटर मागून घ्या, नाहीतर एका कानात तरी इअरफोन. गाण्याची पट्टी दोन स्वर खाली उतरवायला लाजू नका. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला तर नाक-कान-घसावाल्यांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या. ज्येष्ठमध चघळून गाठ जात नाही.

त्याच्या झगमगाटाबद्दलही विचारता. तो झगमगाट आखलेला होता. मूळचा फारुख बलसारा, 1946 ला झांझिबारच्या पारशी घरात जन्म, आठव्या वर्षी पाचगणीच्या वसतिगृहात. दातांवरून मुलं चिडवायची, 'फ्रेडी' हे नावही तिथलंच. तिथल्या पोरांच्या बँडमध्ये तो गायक नव्हता, पियानोवर होता. झांझिबारमधल्या 1964 च्या क्रांतीनंतर घरचे लंडनजवळ फेल्टमला गेले. ईलिंगच्या आर्ट कॉलेजात त्याने ग्राफिक डिझाइन केलं, आणि क्वीनचं बोधचिन्ह स्वतः काढलं: दोन सिंह (दोघांची सिंह), एक खेकडा (एकाची कर्क), दोन पऱ्या (त्याची स्वतःची कन्या), म्हणजे चौघांच्या राशी. 1986 च्या दौऱ्यातला मुकुट आणि राजझगा याच डोक्यातून आला. तळाशिवायचा माइकचा दांडा मात्र म्हणे अपघाताने मिळाला: स्टँड मोडला आणि वरचा तुकडा हातात राहिला. तोच पुढे कधी गिटार, कधी राजदंड.

13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बलीत लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात मुकुट नव्हता. पांढरा बनियन, जीन्स, एकवीस मिनिटं. गाणी आधी तालमीत कापून बसवलेली. लोकांकडून जे 'ए-ओ' म्हणवून घेतलं, ते बहुतेक सगळं मधल्या पट्टीतलं, कुणालाही म्हणता येईल असं. सत्तर हजारांना बरोबर गायला लावायचं तर पट्टी त्यांची धरावी लागते.

खाजगी बाजूबद्दल वर्गात दबकत विचारतात. पुरुषांवरचं प्रेम त्याने घरच्यांशी उघड बोलून दाखवलं नाही. मेरी ऑस्टिनशी असलेलं नातं प्रेमाचं उरलं नाही तरी ती शेवटपर्यंत जवळची राहिली. घर आणि बरीच मालमत्ता तिलाच गेली. 1987 मध्ये एड्सचं निदान झालं. तेव्हा उपचार जवळजवळ नव्हते, आणि शेवटी शेवटी तर वर्तमानपत्रं घराबाहेर तळ ठोकून होती. निवेदन त्याने दिलं 23 नोव्हेंबर 1991 ला. दुसऱ्या दिवशी तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. अंत्यसंस्कारात पारशी प्रार्थना झाल्या.

आता तंत्राची शेवटची गोष्ट, आजारात तो कसा गायला याची. अशक्तपणात आधी जातो तो दम, स्वरतंतू नंतर. लांब ओळ एका श्वासात बसत नाही, सूर शेवटी खाली घसरतो. त्यावर उपाय ओळ तोडण्याचा. 1991 च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत, त्याने 'मदर लव्ह' असंच गायलं. बाकीची वाद्यं नंतर भरता येतील म्हणून ड्रम मशीनची लय लावायची आणि ब्रायन मे कागदावर लिहून देईल तशी एकेक ओळ घ्यायची. शेवटचं कडवं राहिलं. थोडं बरं वाटलं की येतो म्हणाला. ते कडवं रेकॉर्डवर मे गातो. हेडफोन लावून ऐका, आवाज कुठे बदलतो ते लगेच कळेल.