आमची वाटचाल: काळवंडलेलं पिंप आणि त्यानंतर

आमच्या ऑफिसच्या कपाटात काचेची एक बाटली आहे. आत जुन्या इंजिन ऑइलच्या रंगाचं तेल आहे. नवा माणूस कामाला लागला की मी आधी ती बाटली त्याच्या हातात देतो. हे मोकळं अल्फा टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ईचं एक रूप. आमच्याकडे आलं तेव्हा फिकट पिवळं आणि मधासारखं होतं. अर्धं पिंप वापरलं, अर्धं तसंच राहिलं, वरच्या पोकळीत हवा शिरली आणि सहा महिन्यांत त्याचं हे झालं. या बाटलीपायी आमची कंपनी बुडता बुडता वाचली.

सुरुवात मी आणि माझ्या वर्गमित्राने केली. भांडवल म्हणजे एक वॉटर बाथ, एक सेकंडहँड स्टिरर आणि ट्यूब बंद करायचं हातमशीन. हे मशीन दोघांनी मिळून शोधून आणलं होतं. भरलेल्या ट्यूबची शेपटी खाचेत सरकवायची, दांडा खाली ओढायचा, की एका झटक्यात तीन घड्या पडतात. आता भरायला मोठं मशीन आहे, पण नमुन्याच्या ट्यूबा मी अजून त्याच्यावरच बंद करतो. घड्या इतक्या घट्ट बसतात की ट्यूब पिळून चपटी झाली तरी शेपटीतून थेंब गळत नाही.

आम्ही चिरलेल्या, सोललेल्या त्वचेसाठी आणि कोरड्या नाकासाठी व्हिटॅमिन ईचं मलम करायचो. अ‍ॅसिटेट हे व्हिटॅमिन ईचं बांधलेलं रूप वापरायचं हा माझा आग्रह. ते हवेत टिकतं, आणि त्वचेतली एन्झाइम्स त्यातलं काही सावकाश मोकळं करतात. भागीदाराला मोकळं, नैसर्गिकच हवं होतं. कारण खोक्यावरचा आकडा मोठा दिसतो: १०० मिलिग्रॅम नैसर्गिक अल्फा टोकोफेरॉल म्हणजे १४९ आययू (आंतरराष्ट्रीय एकक). अहो, आययू हे पोटात घेण्याच्या डोसचं माप, मलमावर त्याचं काय काम? पण मी ऐकलं. तिथे माझं चुकलं.

तिसऱ्या वर्षी त्या पिंपातल्या तेलाच्या एका लॉटवर तक्रारी यायला लागल्या. मलम लावलं तिथे लाल पुरळ, खाज, कडेने बारीक फोड. मी आधी सुगंधाला दोष दिला. मग त्यातल्या दोघांची त्यांच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर ४८ तास पट्ट्या ठेवल्या. सुगंधाची जागा स्वच्छ राहिली आणि टोकोफेरॉलची जागा सुजली. मोठ्या खरेदीदाराने सगळा माल परत पाठवला, न उघडलेली खोकीसुद्धा. पॅकिंगच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. त्याच महिन्यात भागीदार बाहेर पडला. जाताना आमच्या वितरकांची यादी घेऊन गेला, आणि वर्षाच्या आत त्याचं मलम बाजारात आलं. तोच बेस, म्हणजे ज्यात व्हिटॅमिन मिसळतात ते साधं मलम, तीच पद्धत, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत: जखमेचा वण सात दिवसांत गायब.

हे मला आजही सलतं. यादीचं दुःख नाही, यादी पुन्हा करता येते. पण आमच्या हाताने बसवलेल्या बेसवर त्याने जे लिहिलं, ते खोटं होतं.

त्या रिकाम्या महिन्यांत मी वाचन केलं, जे धंदा सुरू करायच्या आधी करायला हवं होतं. १९९९ साली बाउमन आणि स्पेन्सर यांनी त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १५ जणांच्या वणाच्या अर्ध्या भागाला साधं मलम आणि उरलेल्या अर्ध्याला व्हिटॅमिन ई घातलेलं तेच मलम लावायला दिलं. ९० टक्के रुग्णांत व्हिटॅमिन ईने वणाला काहीच फायदा झाला नाही किंवा वण जास्त वाईट दिसू लागला. ३३ टक्के लोकांना कॉन्टॅक्ट डर्मटायटिस झाला, म्हणजे लावलेल्या पदार्थाने त्वचेवर पुरळ आणि सूज आली. त्याच्याही आधी, १९६२ साली, जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर दाखवलं होतं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चढते. म्हणजे आमच्या मलमातला कष्टाळू कामगार होता तो बेस. नाव मात्र व्हिटॅमिनचं होत होतं.

मी लेबल बदललं. वणाचा शब्द काढला. 'ओलावा धरून ठेवतो, कोरडी त्वचा मऊ करतो, पुरळ आल्यास थांबवा' एवढंच ठेवलं. राहिलेल्या वितरकांपैकी निम्मे त्यावरून गेले. पुढची नऊ वर्षं बरी गेली.

या सगळ्या काळात एक ग्राहक सुटल्या नाहीत. निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यावर आत खपल्या धरायच्या, आणि हिवाळा आला की घोळणा फुटायचा. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते कोरडं पडलं की तडकतं. बाई आधी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायच्या, मग बोटाच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढं मलम नाकपुडीच्या तोंडाशी लावायच्या. वर्षानुवर्षं. दर वेळी फोन करून ट्यूबवरचा लॉट नंबर वाचून दाखवायच्या.

मग त्यांना घरी ऑक्सिजन लागला, नाकात नळ्या. मी फोन केला, "बाई, आता आमचं हे मलम नाकाला लावायचं नाही."

"का हो, रागावलात का माझ्यावर?"

तेलकट, पेट्रोलियमचा बेस ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांच्यासाठी म्हणून पाण्याच्या बेसची जेल बसवली, व्हिटॅमिन ईशिवाय. आज तीच आमची सर्वात जास्त जाणारी वस्तू आहे.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टाचणीने फोडून ताज्या जखमेवर पिळू नका. ती गिळण्यासाठी बनवलेली असते. नवं मलम आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. नाकातली खपली ओढू नका. मलम वर ओढून घेऊ नका आणि रोज रात्री लावून लगेच आडवे होऊ नका, कारण तेल घशातून श्वासनळीकडे उतरतं आणि वर्षभराच्या सवयीने फुप्फुसात साचू शकतं. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपिंगने, म्हणजे ई-सिगारेट ओढून, आजारी पडलेल्या ५१ जणांच्या फुप्फुसांतला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. त्यानंतरही एका वितरकाने मला व्हिटॅमिन ईचा नाकाचा स्प्रे करायला सांगितलं. मी त्याला बसूही दिलं नाही. आणि या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, पिंपाऐवजी लहान डबे घ्या, आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात जुना भागीदार आमच्या स्टॉलवर आला. मी मान वर केली नाही. त्याने नमुन्याची एक ट्यूब उचलली, लेबल पूर्ण वाचलं, मग ती उलटी करून शेपटीवरच्या तीन घड्यांवरून अंगठा फिरवला.

"मशीन चालतंय अजून?"

"चालतंय," मी म्हटलं.

त्याने ट्यूब जागेवर ठेवली आणि तो पुढच्या रांगेत गेला.