माजघराचा कोबा : श्रावणातली नोंद

पाऊस लागून दोन महिने झाले आणि माजघर अजून पांढरं पडलेलं नाही. हे लिहितानाही धाकधूक आहे, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत माझी फजिती झाली होती. मागचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : संगमेश्वर तालुक्यातलं आमचं जांभ्याचं घर, माजघर बारा बाय चौदा फूट, आजोबांनी १९७८ साली घालून घेतलेला सिमेंटचा कोबा, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली जमीन. दोरी मारून पाडलेले चौकोन, एका कोपऱ्यात पोकळ वाजणारा तुकडा. टाइल लावायचा विषय घरात तीनदा निघाला आणि तीनदा मी तो हाणून पाडला. मग कोबा चकाचक करून दाखवणं माझ्यावरच आलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात नुसती घासपूस करून वरून ॲक्रिलिक सीलरचे, म्हणजे जमिनीवर चकचकीत थर धरणाऱ्या लेपाचे, दोन हात मारले होते. काय झळाळी होती! पाहुणे पाय ठेवायला बिचकत. जुलैत चौकोनांच्या कडांपासून दुधाळ ढग पसरायला लागले, ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटले. आई शांतपणे म्हणाली, "अरे, भाकरी फुगली तुझी."

सीलर वाईट नव्हता, मी चुकीच्या जागी लावला. आमच्या वेळच्या घरांत कोब्याखाली प्लास्टिकचा कागद नसतो. खाली मुरूम, त्याखाली माती. पावसाळ्यात ओल वर चढते आणि जमिनीच्या पाठीवरून वाफ होऊन निघून जाते. मी त्या वाफेवर झाकण ठेवलं. हे आधी कळायला साधी तपासणी पुरते : दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद, सोळा तास तसाच. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल तर ओल आहे. मी हे मे महिन्यात केलं होतं आणि कोरडं निघालं म्हणून खूश झालो होतो. कोकणात ही तपासणी मे महिन्यात करणं म्हणजे विहिरीला पाणी किती ते पुरात बघणं. जुलैत करा.

फेब्रुवारीचे दोन शनिवार-रविवार सीलर काढण्यात गेले. थिनरमध्ये भिजवलेली फडकी पसरायची, वर प्लास्टिक, पंधरा मिनिटांनी खरवडायचं. दारं-खिडक्या सताड उघड्या, चूल बंद, देवापुढची समईसुद्धा विझवलेली. याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, डोकं दुखतं एवढंच.

मार्चमध्ये पोकळ तुकडा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलं की चांगला कोबा टणटण वाजतो आणि सुटलेला मडक्यासारखा. दोन फूट बाय दीड फुटाचा भाग काढला, कडा सरळ कापल्या, तळ रात्रभर भिजवला, सिमेंटची लापशी चोळली आणि वर १:२:४ चा (सिमेंट, वाळू, बारीक खडी) माल, दीड इंच जाड. इथपर्यंत मी एकटा. घोटाईला, म्हणजे थापीनं पृष्ठभाग गुळगुळीत करायला, मात्र गावातल्या गवंडीकाकांना बोलावलं. वय झालंय, आता कामाला जात नाहीत. खुर्चीवर बसून काठीनं दाखवत होते.

मी थापी लगेच फिरवायला घेतली तर म्हणाले, "थांब रे बाबा. बोट टेकव. ठसा राहिला नि पाणी वर नाय आलं, की मग घोट." पाऊण तास आम्ही दोघं त्या चौकोनाकडे बघत चहा प्यायलो. वरचं पाणी सुकायला मी कोरडं सिमेंट भुरभुरणार होतो, तेवढ्यात काठी पडली हातावर. कोरडं सिमेंट वरचं पाणी पितं, वर एक वेगळीच कडक साल तयार होते आणि तीच पुढे तडकते, सुटते. पाणी आपोआप जाऊ द्यायचं, मग पातळ निखळ सिमेंट ओढायचं आणि लोखंडी थापी जवळजवळ आडवी धरून दाबत न्यायची. पहिल्या फेऱ्यांत थापीचा आवाज खरखरीत येतो. नंतर तो बदलतो, चामड्यावरून हात फिरवल्यासारखा होतो. काका डोळे मिटून बसले होते आणि आवाज बदलल्यावर म्हणाले, "झालं." पुढे दहा दिवस ओली गोणपाटं. दर दुसऱ्या आठवड्याला ठाण्याहून येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे जमत नाही, तेव्हा पाणी मारायचं श्रेय आईचं.

एप्रिलमध्ये घासाई. वेग कमी-जास्त करता येणारं पाण्यावरचं पॉलिशर आणि हिऱ्याची पॅडं, १०० नंबरपासून वर (नंबर जितका लहान तितकं पॅड खरखरीत). साधा ग्राइंडर वापरू नका. त्याचा वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या पुढे, रेझिनचं पॅड जळतं आणि जमिनीवर काळे वळसे उमटतात. ओलं काम आणि वीज एकत्र, म्हणून ३० मिलीॲम्पचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) लावल्याशिवाय सुरुवात केली नाही. कोरडं तर घासायचंच नाही, त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते.

चूक इथेही झाली. दाराजवळ डाग खोल होते म्हणून ५० नंबरचं पॅड लावलं. घोटलेल्या सिमेंटचा थर असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तो गेला आणि खालची वाळू, काळ्या खडीचे ठिपके वर आले. बाकी जमीन साईसारखी आणि दारात हातभर जागा बाजरीच्या भाकरीसारखी. आता तिथे पायपुसणं असतं. घासताना निघालेला राडा मोरीत सोडू नका, पाइपात घट्ट बसतो. तुळशीत तर अजिबात नको, तो जबर अल्कधर्मी असतो. बादलीत निवळू द्या, खालचा गोळा वाळला की टाका.

२०० नंबरनंतर लिथियम सिलिकेट, कोबा घट्ट करणारं पातळ औषध. हे वर थर धरत नाही, आत जाऊन सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळतं आणि सिमेंट ज्यामुळे घट्ट होतं तोच पदार्थ आणखी तयार करतं. अर्धा तास ओलं ठेवून उरलेलं पुसून घेतलं, नाहीतर पांढरे फराटे राहतात. गंमत अशी की नव्या तुकड्यानं ते घटाघटा प्यायलं आणि ८०० नंबरलाच आरशासारखा झाला. जुना कोबा १५०० पर्यंत नेला तरी चमक मंदच. पंचेचाळीसहून जास्त वर्षांत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यातला बराच मोकळा चुना आधीच खाल्लेला, मग औषध जुळणार कशाशी? मला ती मंद चमकच जास्त आवडते. नवा तुकडा रंगानंही गडद आहे आणि नव्या दातासारखा उठून दिसतो. शेवटी आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन सीलर, जो पाणी अडवतो पण वाफ जाऊ देतो.

जुलैत आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बरणी लवंडली. तांबडा डाग ओल्या फडक्यानं निघाला, पण खाली ताटाएवढी जागा निस्तेज झाली. तो डाग नव्हेच, आमसुलाच्या आंबटानं सिमेंट खाल्लं. सीलर पाण्याला अडवतो, आम्लाला नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, सगळ्यांची हीच गत. ४०० पासून पुन्हा वर चढत ती जागा हातानं घासली, दीड तास. तेव्हापासून पुसायला बादलीभर पाण्यात झाकणभर न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कधर्मी) लिक्विड, बस्स. धुण्याचा सोडाही बंद केला, कारण त्याची पांढुरकी साय उरते. आईला वाटतं खोबरेल लावलं असतं तर एवढं काही करावं लागलं नसतं. चमकेल खरं, पण तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात जमीन मळकट होते. यावर आमचं एकमत नाही.

परवा पुन्हा प्लास्टिक चिकटवून पाहिलं. सकाळी आतून चक्क थेंब ओघळत होते. ओल तेवढीच आहे, फक्त आता तिला वाट आहे. भिंतीच्या बुडाशी बोटभर लोणा (ओलीबरोबर वर आलेले पांढरे क्षार) दिसला, तो कोरड्या ब्रशनं झाडला. ओलं फडकं लावलं तर क्षार विरघळून परत आत जातात.

राहिलाय तो देवघराचा कोपरा. समईच्या तेलाचे वर्षानुवर्षांचे काळे गोल. खडूची पूड आणि थिनरची लापशी दोनदा थापून झाली, वर प्लास्टिक, चोवीस तास. पहिल्या वेळी पूड पिवळीधमक निघाली, दुसऱ्या वेळी फिकट. आज तिसरी थापलीय. देव तात्पुरते फडताळात आहेत आणि गणपतीच्या आत ते जागेवर हवेत, असा घरून हुकूम आहे.