नकाशातला चुकीचा बाण

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक आहे. नोकरीमुळे वर्गाला येऊ न शकणाऱ्यांना घरी अभ्यास करता यावा म्हणून मी पूर्वज्ञानाचे नकाशे करून देतो. गाठायची संकल्पना कागदाच्या माथ्यावर लिहायची आणि ‘हे समजण्यासाठी आधी काय यायला हवे?’ असे विचारत एकेक चौकट खाली उतरायचे, ही शिक्षणमानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गान्ये यांनी १९६२ मध्ये मांडलेली रीत आहे. पाठ्यपुस्तके हा प्रश्न विचारत नाहीत. ती धड्यांना क्रमांक देऊन मोकळी होतात.

गोव्यातील सत्तरी तालुक्यातले एक गृहस्थ २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत टिपर चालवत होते. आता ते होंडा येथील औद्योगिक वसाहतीत मदतनीस आहेत. कारखान्याला वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन जिवंत तारांतून, येते. त्यांतली एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, यांच्यात २४० व्होल्ट असतील, तर दोन फेजमध्ये ४१५ कसे, हे त्यांना समजून घ्यायचे होते. माझ्या नकाशात तिथे पोहोचण्याची, बाणांनी जोडलेली वाट काटकोन त्रिकोण, समरूपता, साइन (त्रिकोणाच्या बाजूंचे एक गुणोत्तर) आणि साइन लहर अशी होती. सर्वांत खालच्या ‘व्होल्टेज’ या चौकटीवर त्यांनी पहिल्याच दिवशी ‘येते’ अशी खूण केली होती. चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेल्या या माणसाला साइन म्हणजे कॅल्क्युलेटरवरचे एक बटण एवढेच ठाऊक होते, आणि त्यापाशी ते तीन आठवडे अडून राहिले.

त्या शनिवारी मी त्यांना पॅनेलपाशी नेले. तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात. मल्टीमीटरवर आर फेज ते न्यूट्रल २३८ व्होल्ट आले, वाय फेज ते न्यूट्रलही तेवढेच.

‘‘आता आर आणि वाय यांच्यात किती येतील?’’

‘‘४७६, सर. दोन्हींची बेरीज.’’

मी चमकलो. व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक, हे ज्याला कळले आहे तो बेरीज करणार नाही. ‘दोन्ही सारखेच, मग शून्य का नाही?’ असे विचारील. त्यांच्या मते व्होल्टेज हे तारेत भरलेले असते.

मीटरने ४१२ दाखवले. तीन फेज एकमेकींपासून १२०° ने मागेपुढे असतात, म्हणून मग कागदावर एका बिंदूपासून १२०° कोन करून आम्ही प्रत्येकी ६ सेंटिमीटरचे दोन बाण काढले, १ सेंटिमीटरला ४० व्होल्ट असे प्रमाण धरून. टोकांमधले अंतर त्यांनी पट्टीने मोजले: १०.४. गुणाकार त्यांनीच केला, ४१६, आणि ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

‘‘सर, मग साइन कशाला पाहिजे होते?’’

पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते ते काढण्यासाठी, पुढे लागेल, असे मी म्हणालो. ते खरे आहे. पण त्यांच्या प्रश्नासाठी ते लागत नव्हते. नकाशात साइनकडून त्या प्रश्नाकडे जाणारा बाण मी पुस्तकातल्या सिद्धतेवरून काढला होता, शिकणाऱ्याच्या गरजेवरून नव्हे.

आता माझ्या प्रत्येक चौकटीत खुणेऐवजी सोडवायचा एक प्रश्न असतो. जुना नकाशा मात्र मी आणखी चौघांना दिला होता. त्यांपैकी दोघांनी अभ्यास सोडला आहे, आणि तेही इथेच अडले होते का, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.