बर्लिनचा क्विअर इतिहास पायी: नकाशातली खूण नदीच्या चुकीच्या काठावर आहे

आधी मुद्द्याचं सांगतो. समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या इतिहासाची ही वारी करणार असाल तर विकतचा ऑडिओ-नकाशा घेऊ नका. आम्ही बारा युरो मोजले. त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा चुकीची होती आणि एका बाईच्या मरणाची हकिगतही चुकीची होती.

आम्ही दोघं बर्लिनला गेलो ते मुळात एका पत्त्यासाठी. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञान संस्था ६ जुलै १९१९ रोजी टिअरगार्टन बागेच्या कडेला एका बंगल्यात सुरू झाली. दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय, सल्ला, सगळं तिथेच. ट्रान्स लोकांना रस्त्यात पोलिसांनी अडवू नये म्हणून परवानापत्रं मिळवून द्यायला ही मंडळी मदत करायची. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याचं मासिक काढलं १९२७ साली, तेव्हा या संस्थेला आठ वर्षं झाली होती. त्यांच्या भावजय इरावतीबाई पुढच्याच काळात डॉक्टरेटसाठी याच शहरात होत्या. त्यामुळे ही जागा मला कधी परकी वाटलीच नाही. १९३१ मध्ये हिर्शफेल्ड स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. त्या जगप्रवासातून ते जर्मनीत परत जाऊच शकले नाहीत.

आता तो वाईट टप्पा. नकाशाने आम्हाला श्प्रे नदीच्या उत्तर काठावर नेलं. काठाचं नावच ‘माग्नुस-हिर्शफेल्ड-उफर’, म्हणजे हिर्शफेल्ड घाट म्हणा ना, त्यामुळे शंका येण्याचं कारण नव्हतं. तिथे २०१७ मध्ये उभारलेली सहा उंच रंगीत कॅला लिलीची फुलं आहेत. कॅलाच निवडली, कारण तिच्यात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात. स्मारक चांगलं आहे, पण ते पहिल्या समलिंगी मुक्ती चळवळीचं आहे. संस्था इथे नव्हती. ती होती पलीकडच्या काठावर! ऑडिओतली बाई मात्र ‘तुमच्यासमोर हीच ती जागा’ असं शांतपणे सांगत होती.

नोव्हेंबर महिना, दुपारचे साडेतीन, उजेड झरझर जात होता. काठाची वाट बांधकामाच्या कुंपणाने बंद, म्हणून आल्या वाटेने मागे, मग पूल, मग पुन्हा उलट दिशेला. जोडीदाराचा गुडघा बोलायला लागला आणि माझ्या फोनची बॅटरी संपत आली. सात किलोमीटरच्या फेरीचे आमचे अकरा झाले, आणि त्यातला हा शेवटचा तुकडा निव्वळ मनस्ताप होता. त्या काठावरून पलीकडे थेट जाता येईल या भरवशावर राहू नका. आधी पूल बघून ठेवा.

खरी जागा दक्षिण काठावर, हाउस डेर कुल्टुरेन डेर वेल्ट या मोठ्या सांस्कृतिक केंद्राजवळ आहे. तिथे काय आहे? गवत, झाडं, रस्ता आणि एक स्मृतिफलक. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी बँडबाजासकट येऊन संस्था लुटली, चार दिवसांनी पुस्तकं जाळली. बंगला पुढे बॉम्बहल्ल्यात गेला आणि युद्धानंतर अवशेषही पाडले. मी टॉर्च लावून फलक वाचला आणि मला रडू आलं. थकव्यामुळेही असेल.

आणि जिच्या मरणाची हकिगत चुकीची होती, ती बाई. डोरा रिश्टर संस्थेत काम करायची. तिच्यावर इथल्या डॉक्टरांनी लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया केल्या, शेवटची १९३१ मध्ये. १९३३ च्या त्या लुटीत ती मारली गेली असं वर्षानुवर्षं मानलं जायचं आणि आमचा ऑडिओ अजून तेच सांगतो. अलीकडे सापडलेल्या नोंदींनुसार १९३४ मध्ये तिने नाव अधिकृतपणे बदलून घेतलं आणि ती १९६६ पर्यंत जगली. पैसे घेऊन माहिती विकणाऱ्याने ही चूक ठेवावी याचा मला संताप येतो. तिला जगलेली बत्तीस-तेहतीस वर्षं परत द्या.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. सकाळी १०० नंबरची बस धरून थेट सांस्कृतिक केंद्राच्या थांब्यावर उतरा आणि संस्थेची जागा आधी बघा. पाय ताजे, उजेड भरपूर. लिली पलीकडे आहेत, पाय साथ देत असतील तरच जा. तिथून ब्रांडेनबुर्ग दरवाज्याकडे या. जवळच एबर्टश्ट्रासेवर, ज्यूंच्या स्मारकासमोर बागेत, नाझी छळाला बळी पडलेल्या समलिंगींचं २००८ मधलं स्मारक आहे. काँक्रीटचा एक ठोकळा, त्याला छोटी खिडकी, आत चुंबनाची फिल्म. लोक फोटो काढून दोन मिनिटांत जातात. तसं करू नका, खिडकीला डोळा लावून पूर्ण बघा. आम्ही तिथे हात धरून उभे राहिलो. त्यांचं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम १७५ पूर्णपणे गेलं १९९४ मध्ये, आपल्या ३७७ मधून आपण सुटलो ६ सप्टेंबर २०१८ ला. तोवर आम्ही रस्त्यात कधीच हात धरला नव्हता.

बेबेलप्लाट्झ चुकवू नका. पुस्तकं जाळली तो चौक हाच. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळाही तेव्हा मिरवत आणला होता. जमिनीत काचेखाली वीस हजार पुस्तकं मावतील एवढी रिकामी कपाटं आहेत. ऊन असेल तर काचेत फक्त आकाश दिसतं, तेव्हा वाकून हाताची सावली करा.

श्वूलेस म्युझियम म्हणजे समलिंगी इतिहासाचं संग्रहालय, ल्युट्झोवश्ट्रासे ७३. मंगळवारी बंद असतं आणि इतर दिवशीही दुपारीच उघडतं. नकाशात हे नव्हतं, आम्ही मंगळवारीच दारात उभे. बुधवारी पुन्हा गेलो आणि तीन तास कमी पडले.

नोलेनडोर्फप्लाट्झचा भाग सोपा, संध्याकाळसाठी ठेवा. मोट्झश्ट्रासेच्या कोपऱ्यावर एल्डोराडो हा नाचघर-बार होता, तिथे आता सेंद्रिय किराणा मिळतो. पाच मिनिटं पुरे. पण कार्ल-हाइनरिश-उलरिक्स-श्ट्रासेची पाटी थांबून वाचा. या उलरिक्स यांनी १८६७ मध्ये म्युनिकला वकिलांच्या भर सभेत समलिंगींच्या बाजूने बोलायचं धाडस केलं होतं. आधी हा रस्ता समलिंगींचा द्वेष करणाऱ्या एका प्रशियन युद्धमंत्र्याच्या नावाने होता, २०१३ मध्ये बदलला.

स्टेशनच्या दक्षिण बाजूच्या भिंतीवर १९८९ मध्ये बसवलेला गुलाबी त्रिकोण आहे, नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांना लावायचे तीच खूण. त्यावरच्या शब्दांचा अर्थ: मारून टाकलं, मौनात गाडलं. गर्दीत सहज नजरेतून सुटतो, कारण लोक घुमटावरचे रंगीत दिवे बघत वर मान करून चालतात. आमचाही पहिल्या दिवशी सुटला होता. दुसऱ्या दिवशी एका म्हातारबाबांनी खांद्याला हात लावून दाखवला.